ब्रिगेडियरची लोकर

"या वर्षीचा पहिला ट्राउट माझा! आत्ताच सांगून ठेवतो!"

सिरिल ओल्डरॉइडने बिअरचा पेला असा काही आपटला की शेजारच्या टेबलावर मांडलेल्या डॉमिनोच्या सोंगट्या आडव्या झाल्या. 'काळा बैल' या पबमधली मंडळी मान वर करून पुन्हा आपापल्या पेल्यांकडे वळली. सिरिल हे वाक्य दर मार्चमध्ये बोलत असे. हॅगरबेक गावाला त्याची इतकी सवय झाली होती की ते कानावर आलं की बायका परसात बटाटे लावायला घेत.

"आणि डोह?" कोपऱ्यातून अर्नीने विचारलं. अर्नी हा सिरिलचा जिवलग मित्र. जिवलग मित्राचं काम म्हणजे पुढच्या वाक्याला जागा करून देणं, आणि ते तो इमानेइतबारे करी.

"डोहसुद्धा माझाच! या वर्षी हेडलीने आपलं बस्तान हलवायची तयारी ठेवावी!"

शेकोटीजवळ बसलेला हेडली प्रॉक्टर नुसता हसला. बस्स, सिरिलचं डोकं फिरायचं ते इथेच! हेडली वाद घालत नसे, फुशारकी मारत नसे, आवाजही चढवत नसे. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. नुसत्या हसणाऱ्याचं करायचं काय?

गावाच्या मासेमारी क्लबची रीत तशी साधी होती. पंचवीस मार्चला चर्चच्या घड्याळाने आठचे ठोके दिले की नदीत पहिली माशी पडायची. खरी माशी नव्हे, हाताने बांधलेली. पिसं, लोकर, रेशमाचा दोरा, आणि त्या सगळ्या थाटामाटाच्या पोटात दडवलेला गळ. ज्याच्या हातातल्या काठीला पहिला ट्राउट लागेल, आणि जाळीत आलेला तो मासा दोन सभासद डोळ्यांनी पाहतील, त्याला वर्षभर जुन्या पुलाखालचा डोह. मासा सोडून द्यायचा, डोह ठेवून घ्यायचा. नदीतले सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात शहाणे ट्राउट त्या डोहात राहत. पहिला मासा लागेपर्यंतची ती एक सकाळ सोडली, तर तिथे मालकाच्या परवानगीशिवाय कुणी माशी टाकली, तर त्याच्याशी गावात पाळीव कुत्रंही बोलत नसे.

हा डोह गेली कित्येक वर्षं हेडलीकडे होता. सिरिलच्या वाट्याला येई त्याच्या खालचा पट्टा. तिथे पाणी घोट्याएवढं आणि मासे बोटाएवढे.

आणखी एक नियम इथेच सांगून टाकलेला बरा. क्लबचं सभासदत्व माणसाचं नव्हतं, घराचं होतं. ही सुधारणा खुद्द सिरिलने भांडून मंजूर करून घेतलेली. सभासदांखेरीज कुणी क्लबच्या झोपडीत पाऊल टाकायचं नाही, असा जुना कायदा होता, आणि आत चहा करायला कुणीतरी हवं होतं. सुधारणा झाली, गावातल्या साऱ्या बायका एका दिवसात सभासद झाल्या आणि चहा वेळेवर मिळू लागला. सिरिलला आपल्या या दूरदृष्टीचा फार अभिमान होता.

तो घरी पोचला तेव्हा त्याची बायको डोरीन स्वयंपाकघरात कणीक लाटत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बोलून आलास ना परत?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या कानांनी. बढाई मारून आलास की लाल होतात." तिने लाटणं बाजूला ठेवलं. "मॉरीनचा फोन होता."

मॉरीन म्हणजे डोरीनची बहीण. ती नवऱ्यामागून स्पेनला गेली आणि तिथेच रमली. बेनिडॉर्ममध्ये समुद्रासमोर तिची गॅलरी होती. डोरीनला मार्चमधलं ऊन अंगावर घ्यायचं होतं, आणि यॉर्कशरमध्ये ते फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात मिळे.

"तिकडे आत्ता लोक बिनबाह्यांचे कपडे घालून फिरताहेत म्हणे," डोरीन म्हणाली.

"मार्चमध्ये?" सिरिल हादरलाच. "अगं राणी, मार्चमध्ये शहाणा माणूस घर सोडतो का? पंचवीस तारीख आहे!"

"तुझी पंचवीस तारीख मी लग्नापासून ऐकतेय. न्याहारीला माशी, जेवायला माशी. काठी वर, दोरी ताठ, घाई नको! झोपेतसुद्धा बडबडतोस." तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले. "आता एकदाचा सोक्षमोक्ष लावू. या वर्षी पहिला मासा तू धरलास, तर स्पेनचं नाव मी जन्मात काढणार नाही. नाही धरलास, तर पुढच्या पंचवीस मार्चला तू मॉरीनच्या गॅलरीत ऊन खात बसलेला असशील. कबूल?"

सिरिलला ती गॅलरी डोळ्यांसमोर दिसली. नदी उघडायची, आठचे ठोके पडायचे, आणि आपण दूरदेशी खुर्चीत चड्डी घालून बसायचं? यापेक्षा तुरुंग परवडला. तुरुंगात निदान गारठा तरी असतो. पण तोंडातून शब्द बाहेर पडले ते मात्र नेहमीसारखे ऐटबाज.

"कबूल! हात मिळव!"

कारण या वर्षी सिरिलकडे हुकमाचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्नीला परसातल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि कानाशी लागून तो पत्ता उघड केला. माशी बांधायची ती एका विशिष्ट लोकरीने. लोकर मेंढ्याची, मेंढीची नव्हे. आणि तीही मेंढ्याच्या एका विशिष्ट जागेची.

"म्हणजे नक्की कुठली?" अर्नीने विचारलं.

सिरिलने सांगितलं.

अर्नीने चहाचा कप खाली ठेवला. "मेंढ्याला विचारलंस?"

"थट्टा नको करूस लेका! तिथल्या लोकरीला फिकट पिवळट-गुलाबी झाक असते. भिजली की ती अशी उजळते, की गारठ्याने सुस्तावलेला ट्राउट खडबडून जागा होतो. माझ्या आजोबांनी मरताना मला सांगितलंय."

"मरताना हे सांगितलं?"

"आजीचा समज झाला की तिच्याबद्दल काहीतरी बोलताहेत. फार रडली बिचारी." सिरिलने आवाज आणखी खाली आणला. "फक्त या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. हेडलीला वास लागला की संपलं!"

गावात मेंढ्यांना तोटा नव्हता, पण नदीकाठच्या कुरणात मेंढा एकच होता. फॉसेटबाईंचा ब्रिगेडियर! तोंड काळं, शिंगं दोन-दोन वेढ्यांची, चाल निवृत्त सेनापतीची. मिस्टर फॉसेट वारल्यापासून बाईंच्या मर्जीतला तो एकमेव पुरुष होता. शरद ऋतूत गावातल्या मेंढ्यांप्रतीची कर्तव्यं पार पाडून तो आता आराम करत होता, आणि त्याचा एकच शौक होता, आल्याचा केक.

डोरीनने रविवारसाठी केलेला आल्याचा अख्खा केक कोटाखाली घालून सिरिल कुरणात शिरला. मागून अर्नी.

"तू पुढून केक भरव. मी मागून काम उरकतो."

"आणि केक संपला तर?"

"संपायच्या आत उरकतो रे! माझा हात काय आजचा आहे?"

ब्रिगेडियरने केक एका दमात संपवला. कागदासकट! मग त्याने अर्नीच्या मफलरकडे नजर वळवली. मागे सिरिल चिखलात गुडघे टेकून बसलेला, एका हाताने शेपूट उचललेलं, दुसऱ्या हातात शिवणकामाची कात्री, आणि जीभ एकाग्रतेने दातांत धरलेली. कच्! एक झुबका आला. कच्! दुसरा आला.

नेमक्या त्याच वेळी फॉसेटबाई धुणं वाळत घालायला मागच्या दारी आल्या.

"सिरिल ओल्डरॉइड!!"

त्या किंकाळीने चर्चच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले. अर्नीने भिंत कशी ओलांडली ते त्याला आजही आठवत नाही. ब्रिगेडियरने मागचे दोन्ही पाय एकदम झाडले आणि सिरिल जनावरांच्या पाण्याच्या हौदात जाऊन बसला. बसला, पण मूठ सोडली नाही.

"माझ्या ब्रिगेडियरला काय करत होतास?" हातातला ओला टॉवेल फिरवत बाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

खरं उत्तर सिरिलच्या जिभेवर आलं होतं. पण बाई दर गुरुवारी पत्ते खेळायला बसत त्या हेडलीच्या बायकोसोबत. बाईंना सांगणं म्हणजे हेडलीच्या घरी दवंडी पिटणं. त्याने लोकरीची मूठ पाठीमागे लपवली.

"काही नाही, बाई. सहज."

"सहज? कात्री घेऊन?"

"फिरायला निघालो होतो. तुम्ही कशा आहात?"

बस्स! या एका उत्तराने सिरिलचं नशीब ठरलं. दुपारी पोस्टात बातमी होती, की सिरिलने ब्रिगेडियरला कापायचा प्रयत्न केला. चहाच्या वेळेला खाटकाच्या दुकानात ती 'कापलं' अशी झाली. दिवेलागणीला 'काळा बैल'मध्ये ती पोचली तेव्हा तिच्यात कशाकशाची भर पडली होती ते न सांगितलेलंच बरं. खाटकाने त्याला चॉप्स बांधून दिले, पण सुरी काउंटरच्या आतल्या बाजूला सरकवली. मुलांच्या शाळेसमोरून तो गेला तर शिक्षिकेने मुलग्यांना आत घेतलं. पाद्रीसाहेब मुद्दाम घरी आले, चहा प्याले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"निवृत्तीनंतर पुरुषाचं मन कधीकधी... भलत्याच गोष्टींत गुंततं, सिरिल. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"माझं मन अगदी जागेवर आहे, साहेब."

"ब्रिगेडियरबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही, असं लोक म्हणतात," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले.

डोरीनला हे सगळं कळलं केशकर्तनालयात. अर्धे केस रोलरमध्ये आणि अर्धे मोकळे, अशा अवताराने ती घरी धावत आली. "मला एवढंच सांग सिरिल. का?"

"पंचवीस तारखेनंतर सांगतो."

"आणि माझा केक कुठे गेला?"

"तेही पंचवीस तारखेनंतरच."

सिरिलची छाती मात्र फुगलेलीच होती. गाव हसतंय? हसू दे! खोलीत बसून त्याने त्या लोकरीची एकच माशी बांधली. मागे कोंबड्याच्या पिसाची शेपटी, वर तित्तिराचं पीस, आणि मध्ये ती लोकर. उजेडात धरून तो तिच्याकडे बघत बसे. अशी माशी नदीने पाहिली नसेल, असं तो अर्नीला रोज सांगे, आणि अर्नी रोज मान डोलवे.

फॉसेटबाईंनी गुरांचा डॉक्टर बोलावला. त्याने ब्रिगेडियरची सविस्तर तपासणी केली आणि थकून 'काळा बैल'मध्ये येऊन बसला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"सगळं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाला. "फक्त थोडी लोकर कातरलेली आहे. तिथली."

हेडलीच्या हातातली सोंगटी थांबली. "बरोब्बर तिथली?"

"बरोब्बर."

हेडलीने सोंगटी खाली ठेवली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच अख्खी वाक्यं बोलला. "सिरिल, ही युक्ती तुझे आजोबा माझ्या आजोबांकडून शिकले. मीही बांधून पाहिली. इकडचे मासे तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत." आणि पुन्हा हसला.

"जळतो माझ्यावर!" घरी जाताना सिरिल अर्नीला म्हणाला. "तोंड बघितलंस त्याचं? पांढरंफटक पडलं होतं!"

अर्नीला ते नेहमीसारखंच दिसलं होतं. पण मित्र म्हटल्यावर काही गोष्टी गिळाव्या लागतात.

इकडे फॉसेटबाईंना वेगळीच चिंता लागली. मार्चचा वारा, डोंगरावर बर्फ, आणि ब्रिगेडियर नको तिथे उघडा! त्यांनी कपाटातून दिवंगत मिस्टर फॉसेटची लाल फ्लॅनेलची लांब विजार काढली, कातरली, शिवली, पाठीवर बटणं लावली आणि ब्रिगेडियरच्या मागच्या अर्ध्या भागावर चढवली. शेजारच्या गावाहून लोक बघायला आले. ब्रिगेडियर मात्र कुणाकडे न पाहता रवंथ करत उभा राही. गणवेश बदलला म्हणून हुद्दा थोडाच बदलतो!

पंचवीस तारीख उजाडली ती दात वाजवतच. डोंगरमाथे पांढरे, काठचं गवत कडक, आणि काठीच्या कड्यांमध्ये दोरी सरकेना इतका बर्फ. सिरिल सारखी काठी पाण्यात बुडवून ती कडी मोकळी करत होता. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून तो डोहाच्या अगदी शेपटाशी, खालच्या टोकाला उभा होता. समोरच्या काठावर हेडली, एक शब्द न बोलता. बाकीचे सभासद वर-खाली पांगलेले. उशीर झालेला अर्नी फॉसेटबाईंच्या कुरणातून आडवाटेने धापा टाकत आला.

"फाटक लावलंस ना रे?" सिरिलने विचारलं.

"लावलं असेल," अर्नी म्हणाला.

क्लबच्या झोपडीतून डोरीन चहाचा थर्मास घेऊन काठावर आली. लोकरीच्या टोपीतून तिचं लाल झालेलं नाक तेवढं दिसत होतं. मागच्या भिंतीवर हाताची घडी घालून फॉसेटबाई बसल्या होत्या. सिरिलच्या हातात कात्री येते का, यावर त्यांची नजर होती.

"प्रवासाची बॅग उतरवून ठेवू का रे माळ्यावरून?" डोरीनने विचारलं.

"बटाटे ठेव तिच्यात! डोह येतोय घरी!"

ठण्! ठण्! आठचे ठोके पडले आणि सगळ्या नदीवर दोऱ्या सळसळल्या.

माशी पुढे टाकायची तर दोरी आधी मागे जावी लागते, तेवढीच लांब, तेवढीच सरळ. म्हणून अनुभवी माणूस फेकण्याआधी मागे वळून पाहतो. सिरिल हे सगळ्या गावाला शिकवत असे. पण पहिल्या दिवशी, पहिल्या ठोक्याला, समोर आयुष्यभर हुकलेला डोह असताना मागे बघतो कोण? शिवाय मागून काय येत होतं ते त्याला कसं ठाऊक असणार? त्याच्या कोटाच्या अस्तरात आल्याच्या केकचे कण अजून शिल्लक होते, आणि फाटक तर उघडंच होतं.

सिरिलने दोरी मागे झोकली. ती अडकली.

"काटेरी झुडूप!" तो पुटपुटला आणि एक हिसका दिला. झुडूप हललं. "कसलं चिवट झुडूप आहे!" दोन्ही हातांनी त्याने सगळा जोर लावला.

टप्! टप्! टप्! बटणं तुटली. टर्रर्र!

"मिस्टर फॉसेटची विजार!!" भिंतीवरून किंकाळी आली.

सिरिलच्या डोक्यावरून काहीतरी लालभडक फडफडत गेलं आणि डोहात पडलं. त्याने आधी त्या लाल वस्तूकडे पाहिलं. मग, फार सावकाश, मागे पाहिलं. काठावर ब्रिगेडियर उभा होता. गणवेशाशिवाय, भर सभेत. लोकर जिथून निघाली, माशी नेमकी तिथेच परत गेली होती.

"हे बघ बाबा," सिरिल म्हणाला, "आपण दोघं समजूतदार..."

ब्रिगेडियरने मान खाली घातली.

पुढचा प्रकार क्षणार्धात घडला. धडक बसली, सिरिल हवेत गेला आणि डोहाच्या ऐन मध्यात उतरला. बर्फाचं पाणी रबरी विजारीत शिरलं आणि तो मेंढरांच्या हौदासारखा भरला. पाण्यावर फक्त टोपी तरंगत होती आणि शेजारून वर आलेल्या हाताने काठी उंच धरली होती. माणूस बुडाला तरी चालेल, पण काठी मोडता कामा नये, ही त्याची शिस्त!

"सिरिल!" थर्मास टाकून डोरीन गुडघाभर पाण्यात धावली. "हात दे! हात दे मला!"

टोपीखालून तोंड वर आलं. "आधी काठी धर!"

"खड्ड्यात गेली काठी!"

"काठी धर म्हणतो ना!!"

तिने काठी धरली. तोवर अर्नीने सिरिलची कॉलर पकडली आणि त्याला ओढत काठाकडे आणायला सुरुवात केली. डोरीनने पाहिलं, तर दोरीच्या टोकाला मिस्टर फॉसेटची विजार वाहून चाललेली. दुसऱ्याच्या नवऱ्याची आठवण अशी वाहून जाऊ द्यायची? तिने दोरी ओढली. फ्लॅनेल फाटलं, गळ सुटला, माशी हवेत उडाली आणि पुलाच्या सावलीत, मोठ्या दगडाच्या कडेला, पाण्यावर येऊन टेकली. इतकी अलगद, की तशी फेक साधायला सिरिलने उभा जन्म घालवला होता आणि ती त्याला कधीच साधली नव्हती.

पाणी फुगलं. काठी वाकली.

"सिरिल! हे ओढतंय!"

"काय?" सिरिल गळ्याइतक्या पाण्यात होता. त्याने दोरीकडे पाहिलं आणि गारठा विसरला. "लागला! डोरीन, लागला! इकडे दे! काठी इकडे दे!"

"कशी देऊ? सुटेल ना!"

"काठी वर..."

"वर! दोरी ताठ! घाई नको! माहीत आहे मला!" डोरीन ओरडली. "लग्नापासून हेच ऐकतेय!"

आणि तिने अगदी तसंच केलं. मासा दगडाखाली शिरायला निघाला, तिने वळवला. प्रवाहात धावला, तिने धावू दिला. टोपी कधीच मागे सरकली होती, केस तोंडावर आले होते आणि ती मोठमोठ्याने हसत होती. समोरच्या काठावरून हेडली जाळी घेऊन पाण्यात उतरला. मासा दमला की जवळच्या सभासदाने जाळी धरायची, मग तो शत्रूचा का असेना, ही इथली रीत. त्याने ट्राउट उचलला. सोनेरी अंगावर लाल ठिपके, लांबी हेडलीच्या कोपरापासून बोटापर्यंत, आणि ओठात ती पिवळट-गुलाबी माशी.

"पाहिला," हेडली म्हणाला.

"पाहिला," अर्नी म्हणाला.

डोरीनने दोन्ही हातांत मासा घेतला. वाहत्या पाण्याकडे तोंड करून क्षणभर धरला आणि सोडून दिला. तो गेला त्या दिशेला ती बघतच राहिली. सिरिलला तिचा हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला. पण तिचा असा चेहरा त्याने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता, आणि तो बघून त्याला बरंही वाटलं.

"काठी कुणाच्या हातात होती?" कुणीतरी विचारलं.

"डोरीनच्या," हेडली म्हणाला.

"पण ती सभासद आहे का?"

"घर सभासद आहे. सुधारणा कुणाची?"

सगळ्यांनी सिरिलकडे पाहिलं. त्याच्या रबरी विजारीतून कारंजी उडत होती.

"म्हणजे डोह ओल्डरॉइडच्या घरात!" सिरिलने ओली मूठ हवेत उंचावली. "म्हटलं नव्हतं? आणि माशी कुणाची? सांगा, माशी कुणाची?"

"ब्रिगेडियरची!" भिंतीवरून फॉसेटबाई गरजल्या. "आणि विजार शिवून द्यायची, तूच!"

घरी शेकोटीपुढे, पाय गरम पाण्याच्या टबात सोडून, सिरिल विजयाचं भाषण करत होता. डोरीनने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग ती म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?"

"डोह घरात आला तर स्पेन बंद!"

"चूक. 'तू मासा धरलास तर.' तू धरलास?"

सिरिलने तोंड उघडलं. शिंक आली.

"शब्द म्हणजे शब्द," डोरीन म्हणाली. "हात मिळवला होतास."

"बरं बाई, हरलो! जाऊ दोघं."

"दोघं कसे जाणार? पंचवीस मार्चला डोहाच्या मालकाने हजर राहायला नको का?" तिने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "तू जा. मॉरीन वाट बघतेय. तोवर डोहावर यायचं तर मंगळवारी ये, आणि धुणं वाळत घालून झाल्यावर ये."

तर असं झालं. पुढच्या पंचवीस मार्चला सिरिल ओल्डरॉइड बेनिडॉर्मच्या गॅलरीत चड्डी घालून बसला होता. नाकावर मलम, हातात संत्र्याचा रस, समोर मैलोन्मैल पसरलेला समुद्र, आणि त्यात एकही ट्राउट नाही. फोन वाजला तेव्हा त्याने तो अर्ध्या घंटीत उचलला.

"लागला!" डोरीनचा आवाज धापा टाकत होता. "आठच्या ठोक्याला! हेडली म्हणतो, असा मासा त्याने पाहिला नाही."

"माशी कुठली?"

"तुझीच रे. पण आता पार टक्कल पडलंय तिला. आणि ब्रिगेडियर कुणाला जवळ येऊ देत नाही. बरं, ठेवते, सगळे चहासाठी थांबलेत. हेडली करतोय!"

सिरिलने फोन ठेवला. संत्र्याचा रस एका घोटात संपवला. मग त्याची नजर हळूहळू रस्त्यापलीकडे गेली. तिथे लिंबाच्या झाडाला शेजाऱ्याचा एक धष्टपुष्ट, दाढीवाला बोकड बांधलेला होता. सिरिल खुर्चीत पुढे सरकला. त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली आणि वाकून नीट पाहिलं. उन्हात तिथले केस कसे झळकत होते! फिकट, सोनेरी. अशी झाक यॉर्कशरमध्ये कुणी पाहिलीच नसेल!

"मॉरीन!" त्याने ऐटीत हाक मारली. "घरात कात्री आहे का गं?"

"आहे. का रे?"

"सहज. आणि थोडा केक असेल तर तोही दे."